जोड कार्बोरेटरचा हंगाम

कारखान्याचं गळीत सुरू झालं की आमच्या रस्त्याला ते आधी नाकानं कळतं. मळीचा तो गोड, थोडा आंबूस वास सकाळच्या थंडीत जमिनीलगत पसरून राहतो आणि दुपार झाल्याशिवाय उठत नाही. मग उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावरची कर्कश गाणी, रस्त्यावर सांडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं, ते ओढत नेणारी जनावरं. दर वर्षी तेच. आता या हंगामात माझ्या वाट्याला दोनच कामं उरली आहेत. ट्रंकेतली शाल काढायची आणि खिडकी लावून घ्यायची.

परवा खिडकी लावायला उठले तर समोरचे निवृत्त पोस्टमास्तर आपली जुनी स्कूटर सुरू करत होते. चोक ओढला, पाच-सहा लाथा मारल्या, गाडी एका अंगावर कलती करून सरळ केली, पुन्हा लाथ. कच्च्या पेट्रोलचा वास माझ्या खिडकीपर्यंत आला.

"थंडीनं धरलंय बघा हिला," ते वर बघून म्हणाले.

"चोक आत ढकला आता. प्लग ओला झालाय. पाच मिनिटं नुसतं उभं राहा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं एवढंच त्यांना माहीत. पाच मिनिटांनी स्कूटर सुरू झाली, ते हात करून गेले, आणि मी खिडकीशीच उभी राहिले. काही न करता दमल्यासारखं झालं.

विज्ञानाच्या बाईला कळायला हवा त्याहून बराच जास्त कार्बोरेटर मला कळतो. तो मी कॉलेजात शिकले नाही. दुष्काळानंतरच्या वर्षीची थंडी होती. मी सांगलीच्या कॉलेजातून बीएस्सी झाले होते, फिजिक्स घेऊन, सेकंड क्लास. हे सांगताना मी लाजत नाही आणि फुगवूनही सांगत नाही. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं, पुरुषसुद्धा. आजोबा जत तालुक्यात मेंढरं राखायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथीनंतर मेंढरांमागं गेले, आणि मेंढरांमागनं पळून मिलिटरीत. तिथल्या वर्कशॉपात त्यांनी इंजिनाचं काम हातात घेतलं. पेन्शनीत आल्यावर सांगली-मिरज रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं. लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे. त्या शब्दात मान होता, आणि तो अण्णांनी मिळवलेला होता.

त्या थंडीत अण्णांना दिसेनासं झालं होतं.

एकदम नव्हे. दोन्ही डोळ्यांत मोती उतरत होता. आधी सुईचं टोक गेलं, मग पान्यावरचे आकडे गेले, मग माणसाचा चेहरा गेला आणि नुसता आवाज उरला. ही गोष्ट घरात तिघांनाच माहीत होती, अण्णांना, आईला आणि मला. मिरजेत पावलापावलाला दवाखाने. शेडपासून सायकलवर वीस मिनिटं. पण ऑपरेशन म्हणजे त्या काळी आठवडेच्या आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि गिऱ्हाइकाला एकदा कळलं की मिस्त्रीला दिसत नाही, तर डोळे परत आले तरी गिऱ्हाईक परत येत नाही, असं अण्णांचं म्हणणं. गळिताचे दिवस, ट्रक आणि जिपांची रीघ लागलेली. वर्षाची कमाई याच चार महिन्यांत निघायची. "हंगाम सरू दे," ते म्हणायचे, "मग बघू."

म्हणून मी शेडात जाऊन बसायला लागले. बाहेरच्यांना सांगायला कारण होतं.

"मिस्त्री, पोरीला ग्यारेजात बसवली व्हय? लगीन लावा की तिचं," एक ट्रकवाला म्हणाला.

"बीएस्सी हाय ती," अण्णा नटावर हात फिरवत म्हणाले. "मुंबैला इंग्रजी पत्रं लिवाय लागत्यात पार्टासाटनं. तू लिवतोस काय?"

गिऱ्हाईक उभं असलं की मी अडाण्यासारखे प्रश्न विचारायची. "अण्णा, हा चौदाचा पाना ना?" म्हणजे हातात आलेला चौदाचा आहे. "अण्णा, ही वायर लाल कशी हो?" म्हणजे लाल डावीकडं आहे. लोक हसायचे, म्हणायचे, बीएस्सी झाली तरी पोरगीला पाना कळंना. मला त्याचा राग यायचा. पदवीचा कागद आईनं देवाच्या फळीवर ठेवला होता, आणि मी दिवसभर मठ्ठ असल्याचं सोंग करत होते. संध्याकाळी हात रॉकेलनं धुताना मी आईवर चिडायची, अण्णांवर नाही. अण्णांवर चिडता यायचं नाही. ते इतक्या सावकाश, भिंतीला एक बोट लावून घरात शिरायचे.

पौष लागला आणि दादासाहेबांची गाडी आली.

दादासाहेब कराडकडच्या एका गावचे, उसाची बागायत असलेले. गावच्या हायस्कूलच्या कमिटीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी एका लहान संस्थानाच्या मोटारखान्यातली काळी विलायती गाडी घेतली होती. लांब नाकाची, पुढं दोन मोठे दिवे, आणि आत एकाऐवजी दोन कार्बोरेटर. आमच्या भागात असलं जोडकाम करणारे अण्णाच. गाडी चढाला दम सोडत होती. बरोबर त्यांचा ड्रायव्हर शंकर होता, हडकुळा, सारखा तंबाखू मळणारा, आणि गाडीवर बहुतेक मालकापेक्षा जास्त जीव असलेला.

"काय शिकलीस तू?" दादासाहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं. "फिजिक्स? आमच्या शाळंला जूनपासून सायन्सला बाई पायजे. अर्ज टाक." आणि अण्णांना म्हणाले, "गाडी नीट करा मिस्त्री. तुमच्या नावावर आणलीया."

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. तीनदा लिहिला, अक्षर चांगलं येईपर्यंत.

अण्णांनी त्या दोन कार्बोरेटरांची नावं थोरला आणि धाकला ठेवली. "दिसायला सारखी असत्यात, सभाव येगळा असतो. थोरल्याचं झाकण धाकल्याला घातलंस तर दोगंबी रुसत्यात." म्हणून दोन घमेली, दोन फडकी. थोरल्याचा एकही स्क्रू धाकल्याच्या घमेल्यात पडता कामा नये. मी डोळ्यांत तेल घालून बसायची. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण तेच खरं आहे.

कार्बोरेटर उघडला की आत फार काही नसतं. लोकांना वाटतं मोठं यंत्र असेल. एक वाटी, तिच्यात तरंगणारा पितळी फुगा, घंटेसारखं एक टोपण, त्याच्या आत खालीवर होणारा दट्ट्या, आणि दट्ट्याला लोंबणारी एक निमुळती सुई. इंजिनानं श्वास घेतला की दट्ट्या वर उचलला जातो, सुई वर येते, तिच्या बाजूनं पेट्रोल सुटतं. सुई बारीक असेल तर जास्त सुटतं, जाड असेल तर कमी. बस्स. हवा आणि पेट्रोल. अण्णा म्हणायचे, ह्यो भटजी हाय, दोघांचं लगीन लावतोय, पर मुहूर्त चुकला की वरात धूर काढत जाती.

अण्णा फुगा कानाशी धरून हलवायचे. आत पेट्रोल शिरलं असेल तर थेंबाचा आवाज येतो. मला यायचा नाही, त्यांना यायचा. मग मी तो गरम पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून निघतो ते बघायची. त्यांच्या कानाला माझा डोळा जोडला की एक माणूस पुरा व्हायचा. पॅकिंगला जाड कागद लागतो. शेडातला संपला तेव्हा अण्णांनी विचारलं, घरात कसला जाड पुठ्ठा हाय का. मी माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलचं कव्हर आणून दिलं. त्यांनी ते झाकणावर ठेवून कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकत कापलं, आणि माझ्या नावातली दोन अक्षरं थोरल्याच्या पोटात गेली. कुणी मुद्दाम विचारलं तर सांगते, मला वाईट वाटलं होतं.

खरी अडचण ओळखीची होती. असल्या कार्बोरेटरला वाटीच्या झाकणाखाली पत्र्याची एक चिमुकली पट्टी असते, तिच्यावर नंबर. त्यावरून कळतं कुठल्या गाडीचा, आत कुठल्या नंबरची सुई. लोक ती पट्टी फेकून देतात. झाकण उघडताना निघते, लावताना कोण लावतो. या दोघांच्या पट्ट्या कधीच गेल्या होत्या. सुया झिजून त्यांना खाच पडलेली, बदलणं भाग. पण कुठल्या नंबरच्या मागवायच्या? मी भिंग घेऊन सुईच्या बुडाशी बघितलं. इंग्रजी एम होता. पुढचा आकडा कुणाच्या तरी पक्कडीनं खाऊन टाकलेला. दोन्ही सुयांची तीच गत.

मी सगळं पुसून काढलं, आणि थोरल्याच्या घंटेच्या आतल्या बाजूला मला खरवडलेली अक्षरं सापडली. संस्थानच्या कुणा जुन्या मिस्त्रीनं टोच्यानं काढून ठेवलेली, पुढच्याला कळावं म्हणून. एम, आणि त्यापुढं आकडा.

"एम आठ," मी म्हणाले.

अण्णांनी घंटा हातात घेतली. आत बोट घालून थोडा वेळ बसले. "आठच?"

"आठ अण्णा. इंग्रजीत आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि घंटा फडक्यावर ठेवली.

मुंबईला पत्र मी लिहिलं. इंग्रजीत, टंकलेखन केल्यासारख्या अक्षरात, खाली सही माझी, सहीखाली बीएस्सी. विलायती माल तेव्हा मिळत नव्हता. दुकानदाराकडं जुन्या साठ्यातली एकच जोडी होती, ती त्यानं मेणकागदात गुंडाळून पार्सलनं पाठवली. अण्णांनी नवी सुई चिमटीत फिरवली.

"जुनीपरास बारीक लागतीया गं. नवी जाड असाया पायजे."

"जुनीवर राप बसला असेल," मी म्हणाले. माझ्याकडं उत्तर असायचंच. बीएस्सीला उत्तर नाही असं होत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

दोन्ही कार्बोरेटर चढले त्या सकाळची थंडी अजून बोटांत आहे. जोडकामात शेवटचं काम असतं दोघांचा श्वास एक करण्याचं. अण्णा रबरी नळीचं एक टोक कानात धरायचे, दुसरं थोरल्याच्या तोंडाशी, मग धाकल्याच्या. हवा आत जाताना सूं आवाज होतो. दोन्हीकडचा सूं एक सुरात यायला पाहिजे. ते स्क्रू अर्धा अर्धा फिरवायचे आणि मोजायचे कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. जतच्या शिवारावर मेंढरं मोजलेला आकडा. डोळे मिटलेले. त्या घटकेला त्यांना काही दिसत नाही हे कुणाच्या लक्षात येण्यासारखंच नव्हतं, कारण असलं काम डोळस माणूसही डोळे मिटूनच करतो. इंजिन शांत झालं, बॉनेटवर ठेवलेल्या पितळी ग्लासातलं पाणी हलेना. शंकर तंबाखू मळायचा थांबला. म्हणाला, "मिस्त्री, हात न्हाईत तुमचे, दुसरंच कायतरी हाय." अण्णा हसले. त्या हंगामात मी त्यांना एवढंच हसताना बघितलं.

दादासाहेब पाहुण्यांना घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. इस्लामपूरच्या अलीकडंच गाडीनं काळा धूर सोडायला सुरुवात केली होती. उभी असताना गुपचूप, जोर लावला की धूर. प्लग काजळीनं बरबटलेले. पेट्रोल त्याच वर्षी भयंकर महागलेलं, आणि ते धुरातनं चाललेलं. पाहुण्यांना उतरवून एस्टीनं पाठवावं लागलं होतं. दादासाहेब गाडीतनं उतरले ते बोलतच.

शंकरनं तोवर थोरल्याची घंटा काढली होती. पोतेऱ्यानं पुसून, उन्हात आडवी धरून तो आत बघत होता.

"मिस्त्री, सुई कितीची घातलीसा?"

"एम आठ," मीच म्हणाले.

"हितं तर चार हाय."

मी त्याच्या हातातून घंटा घेतली. एम होता इंग्रजी. पुढचा आकडा खाली गाठ मारलेला आणि वर दोन टोकं उघडी. आपला बालवाडीतला मराठी चार. त्या जुन्या मिस्त्रीला इंग्रजीतला एम येत होता, कारण तो सुईवर होता. आकडा त्यानं आपल्याला येतो तसा काढला होता. एमच्या शेजारी असल्यामुळं मी तो इंग्रजी समजले आणि वरची उघडी टोकं मनानंच मिटवून टाकली.

"मला इंग्रजी येत न्हाई," शंकर चेष्टेनं म्हणाला, "म्हणून मला चारच दिसतोय."

दादासाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हिनं वाचला का आकडा? चार न् आठ कळंना, ती आमच्या पोरांस्नी काय शिकवणार?"

मला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलंही होतं. काय सांगणार होते ते मला अजून नक्की सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हेच मला पुढं आयुष्यभर पुरलं.

"तिनं न्हाई वाचला," अण्णा म्हणाले. ते फडक्याला हात पुसत होते आणि दादासाहेब उभे होते त्याच्या जरा उजवीकडं बघत होते. "आकडा म्या वाचला. तिला म्या सांगितला, तिनं पत्रात तसा लिवला. मला दिसत न्हाई साहेब आता. दिवाळीपासनं दिसत न्हाई."

शेडात एक ट्रकवाला बसला होता, शेजारचा पंक्चरवाला उभा होता. दादासाहेब पुढं झाले, अण्णांच्या चेहऱ्यासमोर त्यांनी हात हलवला. अण्णांची पापणी लवली नाही असं नव्हे, पण उशिरा लवली.

"आधी सांगायचं न्हाई व्हय, मिस्त्री," ते म्हणाले, आवाज उतरलेला. "मिरजंत दाखवा."

मी गप्प राहिले. घंटा माझ्या हातात होती, चार वरच्या बाजूला होता, आणि मी गप्प राहिले.

पुढचं सगळं अण्णांनी आधीच सांगितलं होतं तसं झालं. महिन्याभरात शेडापुढची रांग विरळ झाली. कुणी वाईट बोललं नाही. लोक येऊन बसायचे, चहा प्यायचे, तब्येत विचारायचे, आणि गाडी पुढच्या गॅरेजात न्यायचे. दादासाहेबांची गाडी कोल्हापुरात कुणीतरी नीट केली असं कानावर आलं. उन्हाळ्यात मिरजेत अण्णांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा आला, आणि त्या चष्म्यातनं त्यांना रिकामं शेड स्वच्छ दिसायला लागलं. जूनमध्ये मी दादासाहेबांच्या शाळेत रुजू झाले. त्यांनी शब्द पाळला. मला दर मुलाखतीत, दर वर्गात वाटत राहिलं की आता कुणीतरी उठेल आणि फळ्यावर एक आकडा लिहून मला विचारेल. कुणी विचारलं नाही. मी चांगली शिक्षिका होते, हेही इथं लिहून ठेवते.

पुढच्या वर्षी शेड मोडलं. पत्रे शेजाऱ्यानं नेले.

ही गोष्ट बोलायला मला सहा वर्षं लागली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते. आई बाजारात गेलेली. अण्णा सोप्यात बसून शेंगा फोडत होते. चष्मा कपाळावर सरकवलेला. शेंगा फोडायला त्यांना डोळे कधी लागलेच नाहीत. मी समोर बसले आणि मीही फोडायला लागले.

"अण्णा," मी म्हणाले, "दादासाहेबांच्या गाडीचा तो आकडा मी वाचला होता."

"व्हय की."

"मग तुम्ही वाचला म्हणून का सांगितलंत? गॅरेज गेलं त्यापायी."

त्यांनी दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला केली. "त्यो चारच हुता," ते म्हणाले. "बोट घातलं तवाच मला कळलंवतं. वरनं उघडा लागला बोटाला."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तू आठ म्हणालीस," अण्णा म्हणाले, आणि पुढची शेंग हातात घेतली. "तू बीएस्सी झाल्याली. माजं बोट चौथीपातुर शिकल्यालं."